लिनक्सवाल्यांची प्रश्नोत्तरं: अडचण कुठली आणि अडवणूक कुठली

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेक सगळी "लिनक्सवर अमुक चालत नाही" अशीच सुरू होतात. मी हौसेखातर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त सिस्टिम, वापरतो (उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही तिचीच रूपं), घरातले सगळे कॉम्प्युटर त्याच्यावरच आहेत, त्यामुळे वैताग काय असतो ते मला चांगलं माहितीये. पण उत्तरं वाचायच्या आधी एक लक्षात घ्या. ती गोष्ट खरंच चालत नाहीये, म्हणजे ड्रायव्हर नाही किंवा सेटिंग राहिलंय, का कुणीतरी मुद्दाम चालू देत नाहीये, हे आधी बघायचं. पहिल्या प्रकारात रात्रभर खटपट केली तर सकाळपर्यंत काहीतरी हाती लागतं. दुसऱ्या प्रकारात कितीही डोकं आपटा, तिथे वेगळा रस्ता शोधायचा नाहीतर पैसे द्यायचे थांबवायचे.

प्रश्न: एका ओटीटीचा सगळ्यात महाग प्लॅन घेतलाय, फोरकेवाला. टीव्हीवर चित्र एकदम झकास, मिसेसच्या फोनवर पण मस्त, आणि माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर तोच सिनेमा लावला की धुरकट. नेट फायबरचं आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून परत टाकला, ब्राऊझर बदलला, काही फरक नाही. माझं काय राहिलंय?
— एक वाचक, मिरज

उत्तर: तुमचं काहीच राहिलेलं नाहीये, ड्रायव्हरला आता हात लावू नका. ओटीटीवरचा व्हिडिओ कुलूप लावून येतो आणि ते उघडणारा तुकडा ब्राऊझरमध्ये बसलेला असतो, त्याचं नाव वाइडवाइन. ती कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली. या वाइडवाइनच्या पातळ्या असतात. एल-१ मध्ये कुलूप उघडण्यापासून चित्र तयार होईपर्यंत सगळं चिपच्या आत एका बंद कप्प्यात होतं, बऱ्याच फोनमध्ये आणि टीव्हीमध्ये ते असतं. एल-३ मध्ये हे सगळं नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. लिनक्सच्या लॅपटॉपवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स घ्या, मिळतं एल-३ च. ओटीटीवाला बघतो की समोर एल-३ आहे आणि मग तो ठरवतो की ह्याला कमी दर्जाचं चित्र द्यायचं. विंडोजवर एजला आणि मॅकवर सफारीला वेगळी कुलपं आहेत, प्लेरेडी आणि फेअरप्ले, तिथे फोरके मिळतं ते त्यामुळे.

तुमच्या मशीनची ताकद कमी नाहीये हे स्वतः बघायचं असेल तर फोनवर फोरकेमध्ये शूट केलेली एखादी क्लिप लॅपटॉपवर घ्या आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये लावा, बरीच मशिन्स ती न अडखळता चालवतात. काही जण सांगतात की ब्राऊझरची ओळख बदलून विंडोज असल्याचं भासवा, त्याने वेबसाईटवरची "तुमची सिस्टिम चालत नाही" ही पाटी कधीकधी जाते, पण एल-३ चं एल-१ होत नाही.

हे सगळं वेबच्या अधिकृत नियमात कसं घुसलं तेही सांगतो, कारण याचा मला मनापासून राग आहे. डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिने १८ सप्टेंबर २०१७ ला एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स नावाचा नियम मंजूर केला, म्हणजे ब्राऊझरमध्ये अशी बंद पेटी ठेवायची सोय. डिजिटल हक्कांसाठी भांडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्याच दिवशी निषेध म्हणून संस्थेतून राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नियम करताय तर निदान एवढं तरी लिहा की त्या पेटीतला दोष शोधणाऱ्यावर किंवा अपंगांसाठी सोय करणाऱ्यावर खटला भरणार नाही. ते सुद्धा मान्य झालं नाही. आपल्या धुरकट चित्राच्या मागे हा निर्णय आहे.

करायचं काय? लॅपटॉपवरच जास्त बघत असाल तर प्लॅन खालचा घ्या, जे मिळतच नाही त्याचे पैसे कशाला. आणि कस्टमर केअरला लेखी विचारा की लिनक्सवर किती रिझोल्युशन देता आणि हे पैसे घ्यायच्या आधी का सांगत नाही. व्हिडिओ अजिबातच चालत नसेल तर मात्र तो वेगळा विषय, फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जनरलखाली डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) कंटेंट चालवण्याची एक टिक आहे ती लावा.

प्रश्न: विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकलं. फार आवडलं, पण वायफायच नाही. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही असं होऊन बसलंय.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: ही अडचण आहे, अडवणूक थोडीशीच, आणि ही सुटते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून अशी पत्रं वाढलीत. चांगली चालणारी मशीन टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना म्हणून ११ ला चालत नाही, ती भंगारात न टाकता तुम्ही मिंट टाकलंत हे फार बरं केलंत.

नेटसाठी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला ते सरळ वायरवालं नेट वाटतं, काही टाकावं लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक ब्रॉडकॉमची चिप असणार, स्वस्त लॅपटॉपमध्ये ४३१४२ नंबरची फार यायची, तिचा ड्रायव्हर कंपनीच्या बंद लायसन्सचा असतो म्हणून इन्स्टॉलच्या फाईलमधून, म्हणजे आयएसओमधून, आपोआप चालू होत नाही. टिक करा, लागू करा.

आता इथे खूप जण अडकतात म्हणून नीट वाचा. सिक्युअर बूट (ओळख नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तो तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतो, कमीत कमी आठ अक्षरांचा. तो कागदावर लिहून ठेवा. रिस्टार्ट केलं की विंडोज नाही, मिंट नाही, भलतीच एक निळी स्क्रीन येते, वर "परफॉर्म मॉक मॅनेजमेंट" असं काहीतरी (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली) आणि दहा सेकंद उलटे मोजले जातात. माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं आणि तो हात बांधून बघत बसतो, दहा सेकंद संपतात, मशीन गुपचूप चालू होतं आणि वायफाय पुन्हा नाही. त्या दहा सेकंदात कुठलंही बटण दाबायचं, मग एनरोल मॉक, मग कंटिन्यू, मग यस, मग तो पासवर्ड, मग रिबूट. पासवर्ड टाईप होताना ठिपकेसुद्धा दिसणार नाहीत, घाबरू नका. झालं. ह्याचा अर्थ एवढाच की हा ड्रायव्हर ह्या मशीनवर चालू द्या असं तुम्ही स्वतः मशीनसमोर बसून सांगितलंत.

सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं आणि नेटवर सगळे तेच सांगतात, पण मला तो घाईचा सल्ला वाटतो. ह्या ठिकाणी निदान मालकाच्या हातात किल्ली दिलेली आहे, ती वापरावी.

डेबियनवाल्यांनी पण विचारलंय, त्यांच्यासाठी एका ओळीत: डेबियन बनवणाऱ्यांच्या २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, बंद फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, जुने लेख वाचून वेगळी आयएसओ शोधत बसू नका.

प्रश्न: आमचं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मुलाने कॉम्प्युटर लिनक्सवर नेला, बाकी सगळं छान, जुना लेझर प्रिंटर कधी छापतो कधी नाही. आणि दुसऱ्या इंकजेटने तर अपडेट घेतल्यापासून बाहेरचं कार्ट्रिज ओळखायचंच सोडलंय. दोन्हीवर उपाय सांगा.
— दुकानदार, इचलकरंजी

उत्तर: मॉडेल लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात दोन लेझर सर्रास दिसतात, एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००, त्यातला एक धरून चालतो.

१०२० ची गंमत अशी आहे की त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर कायमचं नसतं. प्रत्येक वेळी बटण दाबून चालू केला की कॉम्प्युटरने त्याला ते फर्मवेअर पाठवावं लागतं, मग तो शुद्धीवर येतो. म्हणून तुमचा प्रिंटर कधी छापतो कधी नाही, कारण लाईट जाऊन आली, प्रिंटर परत चालू झाला, आणि फर्मवेअर पोचलं नाही. उपाय असा की एचपीलिप हे पॅकेज टाका आणि त्याच्यासोबतचं एचपी-प्लगिन चालवा, ते फर्मवेअर त्या प्लगिनमध्ये असतं. आणि प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणजे सिस्टिम अपडेट झाली, एचपीलिप पुढे गेलं आणि प्लगिन मागे राहिलं की परत बंद. मुलाला सांगा, अपडेट केल्यावर आधी एक टेस्ट पेज काढायचं, गिऱ्हाईक समोर उभं असताना कळायला नको.

२९०० असेल तर तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत बोलतो, ती भाषा कंपनीने उघड केली नाही. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे पण जुना, त्याला ३२ बिटच्या लायब्रऱ्या लागतात. काही मंडळींनी केबलवरून जाणारा डेटा बघून बघून ती भाषा उलगडली आणि कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला, एलबीपी २९०० त्यात चालतो. कुणीतरी अनोळखी माणसाने आपल्या दुकानातल्या प्रिंटरसाठी एवढी मेहनत फुकट घेतली, ह्या गोष्टीचं मला फार अप्रूप आहे.

पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलंय का ते बघा, असे प्रिंटर कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या व्यवस्थेत, ड्रायव्हरशिवाय चालतात, यूएसबीने लावायचे तर आयपीपी-यूएसबी हे पॅकेज लागतं.

आता कार्ट्रिज. ही सरळसरळ अडवणूक. कार्ट्रिजवर एक बारीक चिप असते, प्रिंटर तिला ओळख विचारतो, आणि अपडेटने ओळखीची यादी बदलली की काल चालणारं कार्ट्रिज आज "खराब" ठरतं. शाई तीच, कागद तोच. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरांनी जगभर एकाच दिवसापासून बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली होती, लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने ती अट काढणारं वेगळं फर्मवेअर दिलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मे २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, घेणारा ते भरून वापरू शकतो. पण कोर्टाने पेटंट काढलं तरी चिप काही काढलेली नाही.

तुम्ही प्रिंटरच्या मेनूत जाऊन ऑटो अपडेट बंद करा आणि दुकानातल्या राऊटरवरून त्या प्रिंटरचं बाहेरचं नेट अडवा, छापायला त्याला नेट लागत नाही. मॉडेलसाठी जुनं फर्मवेअर मिळत असेल तर ते टाकता येतं, सगळ्यांना येत नाही. आणि "नेटला जोडलेला असला तरच चालेल, मूळ शाईच वापरावी लागेल" अशा अटीवर स्वस्तात मिळणारा प्रिंटर दुकानासाठी अजिबात घेऊ नका.

प्रश्न: जुन्या फोनवर लिनिएजओएस (कंपनीच्या जागी टाकायचं मुक्त अँड्रॉइड) टाकलंय, फोन नव्यासारखा पळतो. पण बँकेचं ॲप उघडत नाही, म्हणतं फोन सुरक्षित नाही. नव्या फोनवर तर मी काहीच केलेलं नाही, फक्त डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत, तरी दुसऱ्या बँकेचं ॲप तोच मेसेज देतं.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नव्या फोनचं सोपंय, डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, ॲप उघडा, काम झालं की परत चालू करा. कटकट आहे पण चालतं.

लिनिएजचं तसं नाही. बँकेचं ॲप गूगलला विचारतं की हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का, ह्या तपासणीला प्ले इंटिग्रिटी म्हणतात, आधी सेफ्टीनेट होतं. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा तुकडा, लिनिएज टाकायला उघडावा लागतो, आणि तो उघडा असेल तर उत्तर नकारार्थी येतं. फोन रूट केला (पूर्ण ताबा घेतला) असो नसो, त्याच्याशी देणंघेणं नाही. ही तपासणी चुकवायचे उपाय लोक करतात, आज चालतात, पुढच्या महिन्यात ॲप अपडेट झालं की बंद, आणि पगाराचं खातं अशा गोष्टीवर ठेवायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मला ह्यात खटकतं ते असं की हीच बँक नेटबँकिंग कुठल्याही कॉम्प्युटरवर चालू देते. तुमच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तुम्हीच मालक, रूटचा पासवर्ड तुमच्याकडे, तिथे लाखाची एनईएफटी पाच मिनिटांत होते, आणि फोनवर तुम्हीच मालक झालात तर तुम्ही संशयित. रूट केलेल्या फोनमध्ये धोका वाढतो हे मी मान्य करतो. पण जुन्या फोनला कंपनी सिक्युरिटी पॅच देत नाही, लिनिएजवाले देतात, आणि तपासणीत पॅच न मिळालेला मूळ फोन बऱ्याचदा पास होतो आणि पॅच असलेला लिनिएज नापास. ह्याला सुरक्षितता कशी म्हणायची?

सध्या माझा सल्ला, बँकेच्या कामाला नेटबँकिंग वापरा, ते फायरफॉक्समध्ये नीट चालतं. यूपीआयला बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं म्हणून यूपीआय नव्या फोनवर ठेवा. साधा बटणांचा फोन असेल तर मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्याच्यावर ॲपशिवाय पैसे जातात. लिनिएजवाला फोन वाचायला, गाण्यांना, फोटोला ठेवा. आणि बँकेच्या तक्रार विभागाला लिहा, शाखेत नाही, लेखी मेलवर, की डेव्हलपर ऑप्शन्स चालू असण्याने नक्की काय धोका आहे ते सांगा.

प्रश्न: सीएकडे आर्टिकलशिप करतो. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन उबुंटूच्या फायरफॉक्समध्ये दिसतच नाही. कंपनीची लायब्ररी टाकली, टर्मिनलमध्ये टोकन दिसतो, फायरफॉक्समध्ये नाही.
— पुणे ३०

उत्तर: टर्मिनलमध्ये दिसतो म्हणालात तिथेच उत्तर आहे. म्हणजे टोकनशी बोलणारी पीसीएससीडी ही सेवा चालू आहे, लायब्ररी बरोबर आहे, घोळ फायरफॉक्सचा आहे. उबुंटूमधला फायरफॉक्स स्नॅप असतो, स्नॅप म्हणजे बंदिस्त डबा, त्या डब्यातून बाहेरची लायब्ररी आणि टोकन दोन्ही नीट हाताला लागत नाहीत. मोझिलाने जानेवारी २०२४ पासून स्वतःच्या रिपॉझिटरीत डेब पॅकेज द्यायला सुरुवात केलीये, स्नॅप काढा आणि ते टाका. मग सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खालच्या बाजूला सिक्युरिटी डिव्हायसेस, लोड, आणि टोकन कंपनीच्या त्या लायब्ररीच्या एसओ फाईलचा पत्ता. पिन विचारला की जिंकलात. पिन चुकीचा परत परत टाकू नका, टोकन लॉक होतो आणि साहेबांची सही अडकते.

एकदा फायरफॉक्समध्ये टोकन आला की लिब्रेऑफिस आणि पीडीएफ वाचायचं ऑक्युलर त्याच सर्टिफिकेटच्या साठ्यातून सही करू शकतात, पीडीएफवर सही करायला वेगळं काही लागत नाही. पोर्टलवर सही करायची तर पोर्टलचं छोटं सॉफ्टवेअर लागतं, काही पोर्टल लिनक्ससाठी देतात, काही देत नाहीत. जिथे देत नाहीत तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लायसन्सवालं विंडोज ठेवा आणि यूएसबी टोकन त्याला जोडून द्या, रिटर्नची शेवटची तारीख जवळ असताना तत्त्वासाठी भांडू नका, भांडण नंतर करू.

आणि ते "प्लीज वेट" एवढंच दाखवणारे सरकारी पीडीएफ फॉर्म, ते एक्सएफए प्रकारचे असतात. लिनक्ससाठी ॲडोबी रीडर कधीच बंद झाला, पण फायरफॉक्स ९३ पासून ते फॉर्म फायरफॉक्समध्येच उघडतात. बऱ्याच जणांना अजून माहिती नाहीये.

प्रश्न: वडिलांनी पुण्याहून आणलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी आणि व्हीसीडी आहेत, ढीगभर. इथल्या ड्राईव्हमध्ये काही डीव्हीडी लागत नाहीत. फेडोरा वापरतो. जपून ठेवायच्या आहेत, मुलांसाठी.
— न्यू जर्सी

उत्तर: व्हीसीडी आधी घ्या, त्यांना कुलूप नसतं, एमपेग-१ असतो, व्हीएलसीमध्ये सरळ लागतात. त्या जुन्या झाल्यात, चकतीवरचा थर खराब व्हायच्या आत कॉपी करा. ओरखडे पडलेल्या डेटा डीव्हीडींसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आहे, वाचता येईल तेवढं आधी वाचतो आणि अवघड जागेवर नंतर परत येतो.

डीव्हीडींचं दोन पदरी आहे. एक रीजन कोड, म्हणजे चकती जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याचा आकडा, भारत ५, अमेरिका १. ड्राईव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर आहे तोच कायम, म्हणून घरच्या ड्राईव्हचा बदलत बसू नका, एक स्वस्तातला यूएसबी ड्राईव्ह घ्या, त्याचा रीजन ५ करा आणि तो फक्त नाटकांसाठी ठेवा. रीजनसेट नावाचं छोटं टूल आहे त्यासाठी. दुसरं सीएसएस, हे व्हिडिओवरचं कुलूप, ४० बिटचं, १९९९ मध्येच उघडलं गेलं. ते उघडणाऱ्यांपैकी नॉर्वेच्या योन योहानसेनवर त्यावरून खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. लिनक्सवर ते लिबडीव्हीडीसीएसएस उघडतं.

कायदा मात्र दोन देशांत सारखा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला ६५अ कलम आलं, कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण त्यात "हक्कभंग करण्याच्या हेतूने" असे शब्द आहेत, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर ते कलम लागत नाही हेही तिथेच लिहिलंय. अमेरिकेतला १९९८ चा डीएमसीए एवढा मोकळा नाही, स्वतःच्या चकतीची घरगुती कॉपी करण्यासाठी कुलूप तोडणंही तिथे त्यात अडकतं. म्हणून न्यू जर्सीत बसून काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी फक्त काय आहे ते सांगितलं. वडिलांनी पैसे मोजून घेतलेलं नाटक नातवंडांना दाखवताना कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं, हे मला पटत नाही.

प्रश्न: शाळेत वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला. आणि युनिकोडमध्ये टाईप केलं तर ल आणि श हिंदीसारखे येतात.
— शिक्षिका, तासगाव

उत्तर: बाई, तुमच्या फाईली खराब झालेल्या नाहीत. जुन्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. शिवाजीचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात, एक प्रश्नपत्रिका करून रफार, जोडाक्षरं आणि "दऱ्या"मधला ऱ्य नीट आला का ते तपासा, मग बाकीच्या करा. मूळ फाईली पुसू नका.

ल आणि श साठी फॉन्टमध्ये मराठीचे वेगळे आकार असावे लागतात, नोटोच्या देवनागरीत ते आहेत, पण मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ते बाहेर येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा आणि जुना मजकूर सिलेक्ट करून त्यालाही मराठी लावा, पाकळीवाला ल लगेच दिसेल. टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड सिस्टिममध्येच असतो.

प्रश्न: विकत घेतलेली ई-पुस्तकं आपली असतात का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर: कुलूप असेल तर नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे दोन इंग्रजी कादंबऱ्या लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या, नंतर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, पुस्तकं मात्र सगळ्यांची गेली, लोकांनी समासात लिहिलेल्या नोंदींसकट. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने नेण्याची सोयही गेली.

म्हणून घेताना डीआरएम नसलेली ईपब (ई-पुस्तकाची फाईल) मिळते का ते बघा, काही प्रकाशक देतात. फुकट आणि उघड हवी असतील तर ई साहित्य प्रतिष्ठान आहे, मराठी विकिस्रोत आहे. ठेवायला कॅलिबर वापरा. कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये लिहायला घेतलं, कारण त्यांच्याकडच्या सोनीच्या रीडरला लिनक्सचा सपोर्ट नव्हता, आणि आज तेच सॉफ्टवेअर विंडोजवालेही वापरतात.

प्रश्न: ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, करताना काय सांभाळायचं?
— अकोला

उत्तर: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप. नव्या विंडोज ११ वर ते न विचारताच चालू झालेलं असू शकतं, आणि बायोसमध्ये काही बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधी कागदावर उतरवून घ्या, मगच पार्टिशनला हात लावा. बॅकअप तर घ्यालच.

प्रश्न: कॉलेजच्या ऑनलाईन परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, व्हर्च्युअल मशीन ओळखून बाहेर काढतं. माझ्याकडे फक्त लिनक्स आहे. सर म्हणतात विंडोज घे.
— इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: व्हर्च्युअल मशीन लपवायच्या नादाला लागू नकोस, पकडली गेलीस तर कॉपीचा ठपका येईल आणि तो वर्षभर निस्तरत बसशील. सेफ एक्झाम ब्राऊझरसारखी प्रसिद्ध सॉफ्टवेअरं सुद्धा विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठीच आहेत, त्यामुळे कॉलेजने जे निवडलं ते लिनक्सवर येईल अशी आशा ह्या सेमिस्टरला धरू नकोस. पण विकत विंडोज घेणं ही परीक्षेची अट असेल तर ती प्रवेशाच्या वेळी लिहून द्यायला हवी होती, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजची मशीन आहेत. प्राचार्यांच्या नावाने अर्ज कर, माझ्याकडे लिनक्स आहे, परीक्षेसाठी लॅबमधलं मशीन मिळावं, एवढंच लिही, लिनक्सचं कौतुक त्यात नको. वर्गात अजून कुणी असेल तर त्यांच्याही सह्या घे. परीक्षेच्या निदान दोन आठवडे आधी दे, दोन प्रती कर, आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून निघू नकोस.